सूर्यास्ताचे फोटो पुरे झाले, आता पोरांना आपलं घर दाखवू द्या

मंडळी, थोडं लांब लिहितोय. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

१९ ऑगस्ट जवळ आला. जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच तारखेला फ्रान्सच्या सरकारने फोटो काढण्याची एक पद्धत साऱ्या जगाला खुली करून दिली, म्हणून हा दिवस पाळतात. आपल्या भागातल्या शाळा-कॉलेजांतही आता हा दिवस होतो. विद्यार्थ्यांचं छायाचित्र प्रदर्शन भरतं. चांगली गोष्ट आहे. पण ही प्रदर्शनं ज्या पद्धतीने भरतात त्याबद्दल मला आज बोलायचं आहे, आणि गोड बोलायचं नाही.

पत्रकारितेत वीसेक वर्षं झाली. साक्री, पिंपळनेर, दहिवेल, नवापूर, सटाणा या पट्ट्यात अशी बरीच प्रदर्शनं बघितली. डोळे मिटून सांगतो तिथे काय असतं. लाटीपाडा धरणावरचा सूर्यास्त. शेलबारी घाटातलं धुकं. फुलावरची मधमाशी. सुरकुतलेल्या आजीचा क्लोजअप, खाली शीर्षक 'अनुभव'. डोक्यावर हंडा घेतलेली आदिवासी बाई, खाली शीर्षक 'संघर्ष'. नाक वाहणारं, हसणारं उघडं पोर, खाली शीर्षक 'निरागस'. बक्षीस ठरलेलं, हंड्याला पहिलं आणि आजीला दुसरं.

त्या हंड्यावाल्या बाईचं नाव काय? ती कुठल्या पाड्यावरची? तिचा हँडपंप कधीपासून बंद आहे? फोटो काढणाऱ्या पोराला विचारा. 'सर, रस्त्याने चाललो होतो, दिसली, काढला.' बस्स. त्या बाईला तर माहीतही नसतं की ती बक्षीस जिंकून आली.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे प्रेसनोट येते. त्यात उद्घाटकाचं नाव, अध्यक्षाचं नाव, प्रमुख अतिथींची पाच नावं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं असतं. ज्या पोरांनी फोटो काढले त्यांच्यासाठी एकच शब्द असतो, 'विद्यार्थी'. सोबत जोडलेल्या फोटोत पाहुणे फीत कापताना दिसतात. छायाचित्र प्रदर्शनाच्या बातमीत प्रदर्शनातलं एकही छायाचित्र नसतं. हा विनोद आमच्या धंद्यात रोज छापला जातो आणि कोणाला हसू येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. या प्रदर्शनांचे विषय काय असतात? 'निसर्ग', 'ग्रामीण जीवन', 'संस्कृती', 'आदिवासी जीवन'. युवारंग महोत्सवातल्या स्पॉट फोटोग्राफीची तयारी म्हणूनही पोरं याच विषयांवर फिरतात. पण १६ ते २१ वर्षांचं पोरगं किंवा पोरगी स्वतः कसं जगते, हा विषय कधी ठेवलेला मी पाहिला नाही. 'वयात येताना' हा विषय नाही. 'आमच्या घरात' हा विषय नाही. जणू या पोरांना स्वतःचं आयुष्यच नाही, ती फक्त दुसऱ्याच्या आजीच्या सुरकुत्या मोजायला जन्मली आहेत.

आणि खरं सांगू का, आपल्या तालुक्यात वयात येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! पहाटे साडेचारला हायवेच्या कडेने पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं बघा. दहावीनंतर वडिलांच्या हातातला ट्रॅक्टर आपल्या हातात येतो तो दिवस बघा. दिवाळी झाली की अख्खं घर ऊसतोडीला निघतं आणि बारावीतल्या पोराला आजीजवळ ठेवून जातं. त्या पोराची पहिली स्वतः थापलेली भाकर बघा. कांदा काढणीला शाळा बुडवून आलेल्या पोरी, त्यांचे हात, त्यांच्या गप्पा. मेडिकलवरून कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून आणलेलं पॅडचं पाकीट. आश्रमशाळेच्या पत्र्याच्या पेटीवर आतून चिकटवलेले हिरोचे फोटो. आखाजीला झोक्यावर बसलेली पोरगी, आणि पुढच्याच आखाजीला माहेरवाशीण म्हणून आलेली तीच पोरगी. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पहिल्यांदा व्रत धरून, अनवाणी, पावरीच्या सुरावर रात्रभर नाचणारा कोवळा पोरगा. हे सगळं आपल्या पायाशी आहे. कुडाशी-वार्सा पट्ट्यात आहे, पिंपळनेरच्या गल्लीत आहे. आणि ते फक्त त्याच वयाच्या पोरांना आतून दिसतं. पन्नाशीतल्या परीक्षकाला दिसत नाही, माझ्यासारख्या पत्रकारालाही दिसत नाही.

एक प्रसंग सांगतो. संस्थेचं नाव घेणार नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रदर्शनात एका मुलीने दिलेला फोटो मी बघितला. मोबाइलवर काढलेला, थोडा हललेला. कुडाच्या भिंतीला दोन कोयते टेकवलेले. एक जुना, मूठ घासून गुळगुळीत झालेली. एक नवा कोरा. खाली तिने पेनाने लिहिलं होतं, 'एक आईचा. दुसरा यावर्षी ताईसाठी घेतला.' एवढंच. उद्घाटनाच्या आधी तो फोटो बोर्डावर होता, पाहुणे येईपर्यंत तो गेला होता. मी विचारलं तर एक जबाबदार गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, 'भाऊ, समजून घ्या. बाहेरचे पाहुणे आहेत. आमना गावनं नाव खराब व्हई.'

गावाचं नाव! मी तेव्हापासून या दोन शब्दांचा विचार करतोय.

गावाचं नाव दोन कोयत्यांच्या फोटोने खराब होतं, की ते दोन कोयते ज्या कारणाने भिंतीला लागले त्या कारणाने? ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. मुकादम उचल देतो ती जोडीवर. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. मग घरात पोरगा कामाचा झाला की जोडी लावायची घाई होते. आणि आई-बाप सहा महिने फडावर, मागे वयात आलेली पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचंही लग्न उरकायची घाई होते. गरीब माणूस हौसेने पोरीचं लग्न लवकर करत नाही, हिशेबाने करतो. तो हिशेब चुकीचा आहे, बेकायदा आहे, पण तो कुठून येतो हे त्या दोन कोयत्यांच्या फोटोत एका ओळीत आलेलं होतं. मी आयुष्यात एवढी नेमकी बातमी वाचलेली नाही.

आकडा ऐका. २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. २० ते २४ वयोगटातल्या ज्या बायांचं लग्न १८ च्या आत झालं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २२ टक्क्यांच्या आसपास. आपल्या धुळे जिल्ह्यात ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहांत चार. राज्याच्या जवळजवळ दुप्पट. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे, ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी केलेलं आहे, १०९८ ही हेल्पलाइन आहे. आणि तरी दहांत चार. हे सरकारी पुस्तकात छापलेलं आहे, दिल्लीला माहीत आहे, मुंबईला माहीत आहे. नाव कधीच खराब झालंय, दादा. फक्त बोर्डावरचा एक फोटो काढून आपण आपल्यापुरता आरसा झाकला.

गंमत बघा. आपल्या चौकात बाराही महिने फ्लेक्स असतात. भावी अमुक, कार्यसम्राट तमुक, एका फ्लेक्सवर चाळीस-चाळीस चेहरे, गॉगल लावलेले, हात जोडलेले. त्याने गावाचं नाव खराब होत नाही. वाढदिवसाला तलवारीने केक कापतानाचे फोटो स्टेटसला लागतात. त्यानेही नाव खराब होत नाही. एका पोरीने आपल्या घरातली भिंत दाखवली की मात्र गावाची अब्रू जाते. म्हणजे आपला राग फोटोवर नाही. कोणी काढला, यावर आहे.

यापुढचं थोडं जड आहे, पण लिहिल्याशिवाय मुद्दा पूर्ण होत नाही.

१ जुलै २०१८. राईनपाडा. आपला साक्री तालुका, आपल्याच पिंपळनेर पोलीस ठाण्याची हद्द. आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून आलेली, भिक्षा मागून जगणारी माणसं. त्यांना मारताना लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. ते व्हिडिओ नंतर महाराष्ट्रभर फिरले.

त्या आधी कितीतरी दिवस आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आणि व्हिडिओ फिरत होते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या एका जनजागृती फिल्मचा तुकडा होता. मोटारसायकलवरचे दोघे पोराला उचलतात, आणि पुढे ते पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, की बघा, पोर पळवायला एवढाच वेळ लागतो. कोणीतरी शेवटचा भाग कापला आणि पुढे ढकलला. फलक गेला, अफवा उरली. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने तिचं बटण बदललं. आपण काय बदललं?

राईनपाड्याच्या लोकांना शिव्या घालणं सोपं आहे, आणि शहरातल्या लोकांनी ते भरपूर केलं. माझा प्रश्न वेगळा आहे. डवरी गोसावी कोण, ते कसे जगतात, कोणत्या महिन्यात कोणत्या गावी जातात, त्यांची पोरं कुठे शिकतात, हे आपल्यापैकी किती जणांना तेव्हा माहीत होतं? आज किती जणांना आहे? पाल ठोकून राहणारा माणूस आपल्याला दिसतो, पण ओळखीचा होत नाही. आणि अनोळखी माणसाबद्दल मोबाइल जे सांगेल ते खरं वाटतं. पोरांना एकमेकांच्या जगण्याच्या तऱ्हा दाखवणं हा म्हणून हौसेचा कार्यक्रम नाही. आपल्या तालुक्यात तर तो जिवाशी आलेला विषय आहे.

आणि हे फक्त पुस्तकातला धडा वाचून होत नाही. फोटो काढायला शिकलेलं पोरगं फोटो वाचायलाही शिकतं. चौकट कुठे धरली, बाहेर काय राहिलं, कापलं काय, खाली कोणी काय लिहिलं, हे त्याला कळायला लागतं. आम्हाला डिप्लोमाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. या सहा प्रश्नांशिवाय बातमी नाही. मी म्हणतो, या सहा प्रश्नांशिवाय फोटोही नाही. हंडेवाल्या बाईच्या फोटोखाली 'संघर्ष' लिहून मोकळा होणारा पोरगा, आणि आलेला व्हिडिओ न तपासता पुढे ढकलणारा माणूस, दोघांची सवय एकच आहे. चेहरा घ्यायचा, नाव-गाव टाकून द्यायचं.

ही सवय जुनी आहे. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. देशातल्या जाती-जमातींचे चारशेहून जास्त फोटो, खाली साहेबाच्या भाषेत वर्णन, हे असे, ते तसे, हे विश्वासू, ते लबाड. ज्याचा फोटो त्याला तोंड उघडायची सोय नाही. ते खंड निघत असतानाच, १८७१ ला, गुन्हेगार जमाती कायदा आला आणि कित्येक भटक्या जमातींवर जन्मजात चोराचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ ला गेला. शिक्का गेला का, ते राईनपाड्याला विचारा.

आज साहेब गेला आणि मोठ्या लेन्सवाले आले. डोंगऱ्या देवाच्या दिवसांत बघा, बाहेरून गाड्या येतात, माउल्या नाचत असतात आणि हे त्यांच्या तोंडासमोर फ्लॅश मारतात. व्रत कोणाचं, गड कोणता, विचारायला वेळ नाही. आपली कॉलेजं पोरांना काय शिकवतात? तेच. त्यांच्यासारखं बाहेरून बघायला. पाड्यावरच्या पोरालाच पाड्याचा पाहुणा करून टाकतात.

दुसऱ्या तऱ्हेने हे काम होतं, आणि झालेलं आहे. वेंडी इवॉल्ड नावाच्या अमेरिकन बाईने केंटकीच्या डोंगराळ, गरीब खाणकामगार भागातल्या शाळकरी पोरांच्या हातात कॅमेरे दिले. स्वतःला काढा, घरच्यांना काढा, पडलेली स्वप्नं काढा, एवढंच सांगितलं. १९८५ ला त्या पोरांच्या फोटोंचं पुस्तक निघालं. पुढे ही बाई आपल्या शेजारच्या गुजरातेत, विछिया गावातही येऊन असंच शिकवून गेली. कोलकात्याच्या सोनागाछीतल्या मुलांना कॅमेरे दिले गेले, त्यावरच्या माहितीपटाला २००५ ला ऑस्कर मिळालं. मात्र त्यात त्या मुलांच्या आयांची बाजू नीट आली नाही, अशी टीकाही झाली, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. तमिळनाडूत पळनी कुमार हा मासेविक्रेत्या आईचा मुलगा. मैला सफाई करणाऱ्यांचं जगणं त्याने वर्षानुवर्षं टिपलं, आणि आता तो मच्छीमारांच्या आणि सफाई कामगारांच्या पोरांना कॅमेरा शिकवतो. आपल्या महाराष्ट्रात सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे फोटो काढले, ते बघितल्यावर माणूस गटारावरून सहज चालू शकत नाही. २०१६ ला त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईची बदनामी झाली म्हणून कोणी पद्मश्री अडवली नाही.

आता आक्षेप येतील, ते मीच मांडतो.

पहिला, 'पोरींचे फोटो लावले तर कोणीतरी मोबाइलवर काढून फिरवेल.' हा आक्षेप खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण म्हणून पोरीने फोटोच काढू नये, हे कसं? मी पोरीचा चेहरा लावा म्हणत नाहीये, पोरीची नजर लावा म्हणतोय. त्या दोन कोयत्यांत कोणाचाच चेहरा नव्हता. आणि जिथे लहान वयातलं लग्न, छळ, अत्याचार असा विषय असेल तिथे ओळख उघड करायचीच नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तेच सांगतं. नाव-गाव विचारायचं, वहीत नोंदवायचं, पण बोर्डावर लावायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

दुसरा, 'गरिबीचं प्रदर्शन मांडून काय मिळणार?' अहो, गरिबीचं प्रदर्शन आज चालू आहे ते हंड्याचं! ते बाहेरच्याने मांडलेलं आहे. घरातलं पोरगं मांडेल तेव्हा त्यात गरिबीसोबत बापाची थट्टा असेल, बहिणीचं भांडण असेल, कानबाईच्या रोटाचा वास असेल, नवीन शूज असतील. गरीब माणूस चोवीस तास गरीब नसतो. तो हसतोही, नटतोही, खोडीही काढतो. हे आतल्यालाच दिसतं.

तिसरा, 'कॅमेरे कुठून आणायचे?' हा आक्षेप घेणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशातला फोन बाहेर काढावा.

तर माझी मागणी साधी आहे. पिंपळनेर परिसरातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांकडे, आश्रमशाळांकडे, आणि गावातल्या मंडळांकडेही.

१. यंदा एक विषय ठेवा, 'वयात येताना'. दुसरा ठेवा, 'आमच्या घरात'. सूर्यास्त एक वर्ष सुट्टीवर जाऊ द्या.

२. फोटोखाली शीर्षक नको. पोराने स्वतःच्या भाषेत चार ओळी लिहाव्यात. अहिराणीत, कोकणीत, भिलीत, मावचीत, जी घरी बोलतो तिच्यात. शुद्धलेखन तपासू नका.

३. ज्याचा फोटो त्याला विचारल्याशिवाय लावायचा नाही. आणि लावल्यावर त्याला बघायला बोलवायचं. हंडेवाल्या बाईला खुर्ची द्या, पहिल्या रांगेत.

४. एकदा शिक्षकांनी आणि पोरांनी बसून फोटो निवडले की कोणत्याही पाहुण्याच्या, पदाधिकाऱ्याच्या, देणगीदाराच्या सांगण्यावरून एकही फोटो उतरणार नाही.

५. तीन तासांचं प्रदर्शन नको, आठवडाभर ठेवा. एक दिवस ते बाजारात न्या. जिथे लोक आहेत तिथे.

६. प्रेसनोटमध्ये आधी पोरांची नावं, मग जागा उरली तर आमची आणि पाहुण्यांची.

पैसे किती लागतील? फोटो छापायचा खर्च एका फ्लेक्सच्या आसपास येईल. वर्षभरात एका चौकातला एक वाढदिवस कमी साजरा केला तरी भागेल. जो कोणी हे मनावर घेईल त्याच्याकडे बोर्ड लावायला, खिळे ठोकायला, पोरांना चार ओळी लिहायला बसवायला मी यायला तयार आहे. मानधन नको, सत्कार नको, नारळ-शाल तर मुळीच नको.

राहिला प्रश्न गावाच्या नावाचा. पिंपळनेर म्हटलं की बाहेरच्या माणसाला २०१८ नंतर काय आठवतं, हे आपण कधी मान्य करणार? ते नाव फ्लेक्सने धुतलं जाणार नाही. पांझरेच्या काठावरची सतरा वर्षांची एखादी पोरगी आपल्या घराकडे नीट बघते, भिंतीवर मांडते आणि म्हणते, हे आमचं, बघा. आणि गाव ते उभं राहून बघतं, उतरवत नाही. ज्या दिवशी हे घडेल त्या दिवशी गावाचं नाव होईल.

प्राचार्य सरांना, मुख्याध्यापकांना, संस्थाचालकांना ही पोस्ट दाखवा. न पटणाऱ्यांनी उघड वाद घालावा, मी उत्तर देईन. आणि पोरांनो, पोरींनो, कोणाची वाट बघू नका. फोन तुमच्या हातात आहे. रील नंतर करा. आधी घरातली एक भिंत काढा, आणि खाली लिहा ती कोणाची आहे.